सवलतीची नवी की वापरलेली? आधी पासिंग बघा

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, जुना मध्य प्रदेश मोडला आणि त्याची राजधानी असलेले नागपूर मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी पट्ट्यासकट नव्या मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३मध्ये हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, पण लोकांचा बाजार काही हलला नाही. संत्री नागपूरच्या कळमना बाजारात जातात, मोठे दुखणे निघाले की पेशंट नागपूरला हलवतात, लग्नाचा बस्ताही तिथलाच. साहजिकच घरात चारचाकी घ्यायचे ठरले की पाय नागपूरकडे वळतात. तिथे एका बाजूला शोरूममधल्या नव्या गाड्यांवर सवलतीचे फलक असतात आणि दुसऱ्या बाजूला वापरलेल्या गाड्यांच्या डीलरकडे तीन-चार वर्षे चाललेल्या, धुऊनपुसून लखलखीत केलेल्या गाड्या जवळपास निम्म्या पैशात उभ्या असतात. या दोहोंत काय निवडावे यावर सर्रास मिळणारा सल्ला असा, की नव्या गाडीची किंमत शोरूमबाहेर पडताच उतरते, तेव्हा शहाण्याने वापरलेली घ्यावी. पुण्यात राहून पुण्यातली गाडी घेणाऱ्याला तो बराचसा लागू पडतो. सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण त्याच्या आणि त्या स्वस्त गाडीच्या मध्ये राज्याची हद्द आहे. ती ओलांडायला पैसे पडतात, आणि हे पैसे हिशेबात धरले की निकाल पुष्कळदा फिरतो.

आधी नव्या गाडीची आजची किंमत पाहू. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकर गेला. लहान म्हणजे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे १५०० सीसीपर्यंत. करापूर्वी शंभर रुपयांची असलेली पेट्रोल गाडी पूर्वी १२९ रुपयांना पडत होती, ती ११८ला पडू लागली; म्हणजे साडेआठ टक्क्यांची उतरण. काही कंपन्यांनी त्याहून जास्त सोडले. मारुतीने वॅगन-आरच्या किमती सुमारे ऐंशी हजारांपर्यंत उतरवल्या आणि तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत तेव्हा पाच लाखांच्या आत आली. ही उतरण नव्या गाडीपुरती नाही. नवी स्वस्त झाली की तिच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येक जुन्या गाडीची किंमत त्याच प्रमाणात खाली यायला हवी. विकणारा मात्र २०२२-२३चे बिल पुढे करतो आणि ‘एवढ्याला घेतली होती, एवढीच उतरवली’ असे सांगतो. त्याने काय मोजले याच्याशी घेणाऱ्याचा काही संबंध नाही. तेच मॉडेल आज नवे केवढ्याला मिळते, तिथून खाली मोजत यायचे. हे एक केले नाही तर करातली जी कपात घेणाऱ्याला मिळायला हवी ती विकणाऱ्याच्या खिशात जाते.

सवलतीचेही तसेच, ती कशाबद्दल मिळते ते पाहावे लागते. डिसेंबरमधली मोठी सवलत बहुतेक वेळा सरत्या वर्षाच्या मालावर असते. जानेवारी उजाडताच ती गाडी कागदावर एक वर्ष जुनी होते, कारण आरसीवर बनावटीचा महिना आणि वर्ष छापलेले असते आणि पुढे विकताना भाव त्यावरून ठरतो. म्हणजे ही सवलत बव्हंशी पुढच्या घसाऱ्याची आगाऊ भरपाई आहे. जो माणूस गाडी दहा वर्षे ठेवणार, त्याला शेवटी एका वर्षाचा फरक किरकोळ पडतो, तेव्हा त्याने ती डोळे झाकून घ्यावी. तीन वर्षांत बदलणाऱ्याला तिचा उपयोग नाही. एक्स्चेंज बोनस जुनी गाडी देणाऱ्यालाच, कॉर्पोरेट सवलत ठरावीक नोकरदारांनाच. फलकावरचा आकडा या सगळ्यांची बेरीज असतो आणि सगळी बेरीज एका गिऱ्हाइकाच्या वाट्याला क्वचितच येते. शिवाय दिलेले परत काढून घेण्याच्या वाटा आहेत. विमा शोरूमचाच घ्या, सीट कव्हर आणि मॅटचे पॅकेज घ्या, हँडलिंगचे अमुक द्या. विमा कुठूनही घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, आणि दोन ठिकाणचे ऑन-रोडचे लेखी कोटेशन शेजारी ठेवल्याशिवाय सवलत खरी किती हे कळत नाही. आपल्याकडे एक गोष्ट मात्र जुळून येते. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या पुढेमागे उतरू लागतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा येण्याचा आणि वर्षअखेरीच्या सवलतींचा काळ एकच पडतो.

मध्य प्रदेशात आणखी एक सवलत आहे, जिची चौकशी आपल्या भागात कमी होते. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि अलीकडे उज्जैनच्या विक्रमोत्सवातल्या मेळ्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर राज्य सरकारने रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट दिलेली आहे. गाडी मेळ्यातच घ्यावी लागते आणि तिची नोंदणीही तिथल्याच आरटीओत होते. पाच लाखांच्या गाडीवर आठ टक्के कर धरला तर चाळीस हजार, त्यातले वीस वाचतात. पण ग्वाल्हेर पांढुर्ण्याहून पाचशे किलोमीटरपेक्षा लांब, उज्जैन चारशेहून अधिक. लहान गाडीसाठी ही धावाधाव फारशी परवडत नाही. पंधरा लाखांची गाडी घेणाऱ्याने मात्र हा हिशेब जरूर करावा.

आता मुख्य बेरीज. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, आपापल्या गाडीप्रमाणे बदलावेत. नवी लहान गाडी कर, विमा, नोंदणी धरून ५ लाख ७० हजारांना पडली आणि दहा वर्षांनी १ लाख ३० हजारांना गेली, तर ४ लाख ४० हजार दहा वर्षांत जिरले. वर्षाला ४४ हजार. तीच गाडी चार वर्षांची झालेली नागपुरात ३ लाख २० हजारांना मिळते असे समजू. तिला मध्य प्रदेशचा कर २५ हजार, एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), नवा नंबर, एजंट आणि खेपा मिळून १० हजार, विमा, टायर, बॅटरी आणि पहिली मोठी सर्व्हिसिंग यांचे ३५ हजार. एकूण ३ लाख ९० हजार. सहा वर्षे चालवून तीही दहाव्या वर्षी १ लाख ३० हजारांनाच विकली, तर २ लाख ६० हजार सहा वर्षांत; वर्षाला ४३ हजारांच्या थोडे वर. नव्या गाडीत आणि तिच्यात वर्षाला हजार रुपयांचाही फरक उरला नाही. आता तशीच गाडी छिंदवाड्याची, म्हणजे एमपी-२८ पासिंगची, त्याच भावात मिळाली तर? कराचे आणि एनओसीचे ३५ हजार गळतात आणि वर्षाचा खर्च साडेसदतीस हजारांवर येतो. आणि ज्याने नवी घेऊन चारच वर्षांत विकली, त्याला वर्षाला साडेबासष्ट हजार पडले. या चार आकड्यांत मला सगळा प्रश्न दिसतो. सगळ्यात महाग पडते ती नवी घेऊन लवकर विकलेली गाडी, सगळ्यात स्वस्त ती आपल्याच राज्यातली, आपणच घेऊन बरीच वर्षे वापरलेली जुनी. आणि नागपूरची जुनी, जी पाहताक्षणी सर्वांत स्वस्त वाटते, ती दहा वर्षे ठेवायच्या नव्या गाडीच्या जवळपास जाऊन बसते.

हद्द ओलांडायला पैसे का पडतात, तेही नीट समजून घ्यायला हवे. रोड टॅक्स हा राज्याचा कर आहे. महाराष्ट्रात भरलेला एकरकमी कर मध्य प्रदेशात चालत नाही. इथे गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला त्या राज्याचा नवा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासोबत फॉर्म ३५. महाराष्ट्रात न वापरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो हे खरे, पण तो मागण्याचा हक्क साधारणपणे ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचा असतो, आणि गाडी विकून मोकळा झालेला माणूस पुन्हा तुमच्यासाठी आरटीओच्या पायऱ्या चढेल ही आशा धरू नये. ती रक्कम सौद्यातच कमी करून घेतलेली बरी.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की हे सगळे पुस्तकी आहे. सौंसरच्या बाजारात, बोरगावच्या कारखान्यांपुढे एमएच-३१, एमएच-४०, एमएच-४९च्या गाड्या सर्रास उभ्या असतात. नागपूर तासा-दीड तासावर. गाडी आठवड्याला तिकडे जातेच. नातेवाइकाच्या पत्त्यावर नाव चढवले की झाले. मग कर दोनदा कशाला भरायचा? आक्षेपात तथ्य आहे. सीमेवरच्या माणसाची राहणीच दोन राज्यांत वाटलेली असते आणि कायदा त्याचा विचार करून लिहिलेला नाही. पण या सोयीची किंमत अपघाताच्या दिवशी कळते. फेब्रुवारी २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेली असो, आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव मालक म्हणून आहे, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे नागपूरच्या मेहुण्याच्या नावावर ठेवलेली गाडी पांढुर्ण्यात कुणाला धडकली, तर कोर्टाची नोटीस मेहुण्याला जाते. दुसऱ्या बाजूने, नाव न बदलता फक्त पैसे देऊन आणलेल्या गाडीचे स्वतःचे नुकसान झाले तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडी विकली की तिचा तिसऱ्या पक्षाचा विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण तसे जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही, कारण तो माणसाचा असतो. आणि कधीतरी ही गाडी आपल्याला विकायची आहेच: पांढुर्ण्यातले पुढचे गिऱ्हाईक तोच कर, तीच एनओसी मोजून भाव पाडणार. बुडवलेला कर विक्रीच्या वेळी समोर येतोच.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचे विकतचे दुखणे, तेव्हा घ्यायची तर नवीच. याला उत्तर तपासणीचे आहे, आणि नागपूरच्या गाडीबाबत तपासणीला एक ठोस कारणही आहे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि रस्त्यांवर, तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. पाण्यात राहिलेली गाडी पॉलिश करून नवी दिसते, पण काही जागा धुता येत नाहीत. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. जो भाग नेहमी आत गुंडाळलेला राहतो त्यावर चिखलाची रेघ किंवा बुरशीचे ठिपके असतील तर गाडी बुडालेली आहे. सीट सरकवून खालची रूळपट्टी बघा, डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, पायाखालचे कार्पेट उचलून वास घ्या. अपघाताची खूण बॉनेटच्या बिजागऱ्यांवर सापडते. तिथल्या नटांचा रंग पान्याने उडालेला असेल तर कधीतरी बॉनेट उतरवलेले आहे. टायरच्या बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले, तर मीटर खोटे बोलते आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदी पाहिल्या की खरे किलोमीटर बहुधा कळतात. गाडी छिंदवाड्याची असेल तर ती सिल्लेवानीच्या घाटातून सौंसरपर्यंत चालवून पाहावी. चढावर इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच गेला; उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरते, तर डिस्क बघावी लागेल. सपाट रस्त्यावरची एक फेरी यातले काहीच सांगत नाही. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे अधिकृत प्रमाणपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३पासून वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. डीलरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो, आणि तो शेवटी आपल्याच किमतीत येतो. माणसाने माणसाला विकलेल्या गाडीवर तो नाही. ओळखीतल्या, गावातल्या पहिल्या मालकाची गाडी म्हणूनच अनेक अर्थांनी सरस ठरते. ती कुठे ठोकली, कोणी दुरुस्त केली, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते.

जुनी घेताना एका बाबतीत मात्र मी तडजोड सुचवणार नाही. एबीएस सगळ्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९पासून आणि शेजारच्या सीटची एअरबॅग जुन्या मॉडेलांनाही २०२१च्या अखेरीपासून सक्तीची झाली. नागपूर-बैतुल महामार्गावर ट्रकांच्या रांगेत कुटुंबासह रात्रीचे फिरायचे असेल, तर जानेवारी २०२२नंतर बनलेलीच गाडी बघावी. दोन लाखांत मिळणाऱ्या २०१५च्या गाडीचा विचारही करू नये. नव्या गाडीची खरी बाजू इथे भक्कम होते: मारुतीने २०२५मध्ये ऑल्टो के-१०, सेलेरिओ, वॅगन-आरसारख्या स्वस्त गाड्यांनाही सरसकट सहा एअरबॅग दिल्या. पेट्रोलचाही मुद्दा आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि एप्रिल २०२३पासूनच्या गाड्या त्यासाठी जुळवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाड्यांत मायलेज साधारण तीन ते सहा टक्के घटू शकते असे पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितले आहे. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवणाऱ्याला हे जाणवणारही नाही. रोज सौंसरहून नागपूरला जाणाऱ्याला जाणवेल.

राहिला कर्जाचा भाग, आणि तो हिशेब पुन्हा नव्या गाडीकडे झुकवतो. नव्या गाडीला ९ टक्क्यांच्या आसपास व्याज असेल तर जुनीला बँका आणि फायनान्सवाले सहज १४ टक्के लावतात. एक लाखामागे चार वर्षांत ९ टक्क्यांनी साडेएकोणीस हजार व्याज होते, १४ टक्क्यांनी एकतीस हजारांच्या वर. वर्षाला पाच-सात हजारांचा जो फायदा आपल्या राज्यातल्या जुन्या गाडीत दिसत होता, तो तीन लाखांच्या कर्जात जवळपास पुसला जातो. म्हणून जुनी गाडी रोखीनेच घ्यावी असे माझे मत आहे. संत्रा बागायतदाराने तर हे जास्त लक्षात ठेवावे: ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता अनेकदा सहामाही असतो, कारचा दरमहा. बहार वर्षातून एकदा-दोनदा येतो आणि गारपीट झाली तर येतही नाही. महिन्याची पाच तारीख मात्र बाराही महिने येते. पगारदार शिक्षक किंवा कारखान्यातला कर्मचारी हा हप्ता उचलू शकतो. शेतकऱ्याने मोठी रक्कम आधी भरून कर्ज लहान ठेवावे, नाहीतर आणखी एक बहार थांबावे.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी छिंदवाडा, पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बैतुल या बाजूला मध्य प्रदेश पासिंगची, २०२२ किंवा नंतरची, पहिल्या मालकाची गाडी शोधावी. रोखीने मिळत असेल तर तीच घ्यावी. तशी मिळत नसेल आणि गाडी आठ-दहा वर्षे ठेवण्याची तयारी असेल, तर नागपूरच्या जुन्या गाडीपेक्षा वर्षअखेरच्या सवलतीतली नवी लहान गाडी घ्यावी. ती नागपूरच्या शोरूमची असली तरी चालेल, पण तात्पुरत्या नोंदणीवर आणून पक्की नोंदणी इथे करावी. लहान पेट्रोल गाडीवर इथला कर महाराष्ट्राच्या ११ टक्क्यांहून कमीच पडतो. नागपूरची जुनी गाडी फक्त तेव्हाच घ्यावी, जेव्हा तिचा भाव इथल्या तशाच गाडीपेक्षा निदान कर आणि कागदपत्रांच्या रकमेइतका खाली असेल. आणि कुठलीही जुनी गाडी घ्या, इसार देण्याआधी तिचा नंबर परिवहनच्या पोर्टलवर टाकून मालकाचा क्रमांक, कर्जाची नोंद, विम्याची मुदत आणि थकलेले चलान बघून घ्या. एनओसी हातात पडेपर्यंत पैशाचा शेवटचा हप्ता आपल्याकडेच ठेवा.